बाभळवाडीच्या पोरांची मोजणी

“आदी बोट खाली घे! कुनाची लेकरं मोजाय लागलायस?”

बिरोबाच्या देवळाच्या पायरीवरून तायव्वा ओरडत होती. तिचं ओरडणं म्हणजे साधंसुधं काम नव्हे. बाभळवाडीपासून होटगी स्टेशन दोन कोस. पण त्या आवाजानं तिथल्या गार्डानं सुटत्या गाडीला लाल बावटा दाखवला, असं एका हमालानं मला पुढं शपथेवर सांगितलं. मी शपथेवर विश्वास ठेवणारा माणूस आहे.

देवळात, म्हणजे माझ्या शाळेत, डिपोटी साहेब उभे होते. डिपोटी म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. त्यांच्या हुद्द्याचं खरं नाव इतकं लांब, की ते पुरतं म्हणेपर्यंत साहेब शाळा तपासून परत गेलेले असत. म्हणून सगळा जिल्हा नुसतं डिपोटी म्हणे. साहेबांची तर्जनी पुढं होती नि ओठ पुटपुटत होते. सतरा, अठरा, एकोणीस... एकोणिसाव्या पोराच्या नाकासमोर बोट आलं नि मागून ही आरोळी. बोट तिथंच थिजलं.

तायव्वा सत्तरीची धनगरीण. तिची तीन नातवंडं माझ्या शाळेत. ती तरातरा आत आली, दोघांना बखोटीला नि तिसऱ्याला कानाला धरून बाहेर घेऊन गेली. तपासणी म्हणून पोरांना तेल चोपडून, टोप्या घालून बाकीच्या आया मघापासून बाहेर उभ्याच होत्या. तायव्वाचं बघून त्याही आत घुसल्या. डोळ्याचं पातं लवेतो देवळात तिघेच उरलो: साहेब, मी आणि बिरोबा. तिघांत घाम फक्त बिरोबाला आला नव्हता.

चूक माझी. धनगर आपली मेंढरं मोजत नाहीत. पन्नास असोत की पाचशे, बोट दाखवून मोजली की कळपाला नजर लागते, ही त्यांची पक्की समजूत. जे मेंढराला, तेच लेकराला. सात वर्षं त्या वाडीत काढल्यावर हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? साहेबांच्या कानात आधी एक शब्द टाकायला हवा होता. पण त्या सकाळी मी साहेबांसाठी मागवलेल्या पेढ्यांवरच्या मुंग्या झटकण्यात गुंतलो होतो. मास्तराच्या नोकरीतली बरीचशी संकटं अशा मुंग्यांमुळं येतात.

आता मोजणीचं एवढं काय, ते सांगतो. तीस सालानंतरचे ते दिवस काटकसरीचे. वरून हुकूम आला होता, की ज्या एकशिक्षकी शाळेत तपासणीला पंचवीस पोरं भरणार नाहीत, ती बंद करावी नि पोरं जवळच्या मोठ्या गावी पाठवावीत. आमचं जवळचं मोठं गाव दीड कोसावर, नाल्यापलीकडं. कचेरीतल्या नकाशात तो नाला म्हणजे निळ्या शाईची बारीक रेघ. नकाशा काढणाऱ्यानं तो भादव्यात पाहिला असता तर त्यानं कागदावर दौतच उपडी केली असती. त्या नाल्यानं एकदा चालती बैलगाडी नेली. बैल पोहून पलीकडं लागले आणि गाडीची वाट बघत दोन दिवस तिथंच चरत होते. पोरगे कसेबसे गेले असते. पोरींना मात्र कुणी नाला ओलांडू दिला नसता. माझ्या शाळेत नऊ पोरी होत्या. त्यांतली तायव्वाची नात ठकी चौथीत होती आणि शाळेची मॉनिटरही होती.

एकशिक्षकी शाळा ही काय चीज असते, हे हल्लीच्या वाचकाला कळायचं नाही. एकाच देवळात चार इयत्ता आणि एकच मास्तर. पहिली धुळपाटीवर ग म भ न गिरवते आहे, दुसरी तारस्वरात पाढे म्हणते आहे, तिसरीला शुद्धलेखन सांगायचं आहे आणि चौथीला भूगोलातली गंगा समुद्राला मिळवायची आहे. आणि हे सगळं एकाच घटकेत. मी चार तोंडांनी शिकवत असे. एकदा मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या, एका फिरत्या गोसाव्यानं बाहेरून आवाज ऐकला आणि आत ब्रह्मदेव आहे असं समजून नारळ ठेवून गेला. शिवाय विंचू उतरवणं, टपाल वाचणं, रुसलेल्या सुनेला माहेरून आणण्याचा मजकूर लिहिणं, पाटलाच्या घड्याळाला किल्ली देणं ही कामं वेगळी. त्यांचा पगार नव्हता, पण भाजी कधी विकत घ्यावी लागली नाही.

आणि मग कॅटलॉग. शाळेच्या पेटीत कुलपाखाली ठेवायच्या हजेरीच्या वहीला आम्ही मास्तर लोक कॅटलॉग म्हणायचो. कॅटलॉग म्हणजे मास्तराचं देवघर. घरातली पोरं आजारी पडोत, शेंगा काढायला जावोत, पण कॅटलॉगातली पोरं कधी आजारी पडत नसत. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे कळप नि बिऱ्हाडं, चाऱ्यासाठी मोगलाईत उतरत. पोरंही जात. माझ्या कॅटलॉगात ती तीन-चार महिने तशीच हजर राहत. फार काय, आमच्या पटावर ‘राजा बिरू’ असं एक नाव होतं. हा तायव्वाच्या थोरल्या मुलाचा, बिरूचा, एडका. रोज घंटेआधी येऊन देवळाच्या खांबाला पाठ घासत बसायचा, सुट्टीपर्यंत हलायचा नाही. इतका नियमित विद्यार्थी मला साऱ्या नोकरीत दुसरा मिळाला नाही. पट थोडा भरलेला दिसावा म्हणून घातलं नाव. हजेरी मात्र त्याची खरी होती.

असो. साहेबांनी पेढ्याला हात लावला नाही. शेरेबुकात लिहिलं: ‘मोजणी होऊ शकली नाही. शाळा बंद करण्याची शिफारस करीत आहे.’ आणि टांग्यात बसून निघून गेले. त्या दिवशी देवळात सत्तावीस डोकी होती, मी सकाळीच डोळ्यांनी हळूच मोजून ठेवली होती. आणखी सहा बोटांचं काम होतं, आणि शाळा वाचली होती.

दुपारी पाटलांच्या ओट्यावर सगळे जमले. शिवगोंडा पाटील हा मनानं मोठा नि आवाजानं बारीक माणूस. त्यांनी शेरेबुक उलटसुलट करून पाहिलं आणि हुकूम सगळ्यांना समजावून सांगितला. तायव्वा खाली उकिडवी बसली होती. मग तिनं मला विचारलं, “म्हंजे माज्यामुळं साळा चालली व्हय, मास्तर?”

मी पाटलांच्या हातातलं शेरेबुक घेऊन मिटलं.

“मग ठकीचं कसं?” ती म्हणाली.

ठकीचं म्हणजे काय, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. तायव्वाचा धाकटा मुलगा सोलापुरात गिरणीत होता. त्याचं पत्र यायचं. वाडीत शाळा नव्हती तेव्हा ती पत्र घेऊन नाला ओलांडायची आणि मोठ्या गावातल्या दुकानदाराकडून वाचून घ्यायची. दुकानदार भला, पण मोठ्यानं वाचायचा, आणि दुकानात गिऱ्हाईक असायचंच. सुनेचं पोट दुसऱ्यांदा पडलं ही बातमी तायव्वा घरी परतायच्या आत वाडीत पोचली होती. आता ठकी दार लावून, चुलीपाशी बसून, आजीच्या कानाशी पत्र वाचायची. वाडीतल्या म्हातारीला आपल्या घरातलं दुःख आपल्या घरात ठेवता येऊ लागलं होतं. शाळेनं काय दिलं असं मला कुणी विचारलं, तर गंगा-यमुनेच्या आधी मी हे सांगतो.

ठरलं, की सोलापूरला कचेरीत जाऊन गाऱ्हाणं घालायचं. मी सरकारी नोकर. मला अर्जावर सही करता येत नव्हती, की सोबत जाता येत नव्हतं. म्हणून मी त्या दिवशी पोटदुखीची रजा टाकली. आता माझी पोटदुखी त्याच डब्यात, डोक्यावरून घोंगडी घेऊन, कोपऱ्यात बसून सोलापूरला गेली, यात माझा काय दोष? अर्ज मीच लिहिला होता. पाटलांनी तो होटगी ते सोलापूर पाठ केला आणि साहेबांसमोर उभं राहताच पहिली ओळ सोडून सगळा विसरले. पहिली ओळ होती, ‘मेहेरबान साहेबांच्या सेवेशी’. ती त्यांनी तीनदा म्हटली.

मी कचेरीच्या व्हरांड्यात घोंगडीआडून ऐकत होतो. तेव्हा तायव्वा पुढं झाली.

“साहेब, त्या दिशी मी वरडली, त्येचं वंगाळ वाटून घिऊ नका. आमच्यात मेंढरू मोजत न्हाईत. मग लेकरू कसं मोजू द्यावं?”

साहेब कोरडे होते, पण वाईट नव्हते. त्यांनी विचारलं, “मग मेंढरू हरवलं तर तुम्हांला कळतं कसं?”

“तोंडं बगून. सांजच्याला वाड्यात शिरतानी बगतो आमी. जे न्हाय, त्येचंच तोंड आदी दिसतं.”

“सरकारला तोंडं ओळखता येत नाहीत, बाई. सरकारला आकडा लागतो.”

“मग पाट्या मोजा की,” तायव्वा म्हणाली. “पाटीला कुटं नजर लागती?”

ही पाट्यांची युक्ती माझी, असं मी आजवर निदान शंभर मैफिलींत सांगितलं आहे. ऐकणाऱ्यांनी पाठीवर थापा मारल्या, चहा पाजला. आता वय झालं, म्हणून खरं लिहून ठेवतो. मी तेव्हा व्हरांड्यात होतो आणि माझ्या नाकात घोंगडीची लोकर गेली होती.

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, महिन्यानं येतो. प्रत्येक पोरानं आपल्या पाटीवर आपलं नाव स्वतः लिहून पाटी पुढं ठेवायची. पंचवीस पाट्या झाल्या तर शाळा राहील. चोवीस झाल्या तर नाही.

महिना, आणि दिवाळी तोंडावर! वाडे मोगलाईत उतरले की माझी निम्मी शाळा उतरणार. इथं पाटलांनी त्यांच्या बारीक आवाजात जे केलं, ते मोठ्या आवाजाच्या माणसांना जमलं नसतं. आमच्याकडं शेतात मेंढरं बसवायची रीत आहे. रिकाम्या शेतात कळप रात्री बसवायचा, लेंड्यांचं खत मिळतं, आणि त्याबद्दल शेतकरी धनगराला जोंधळे देतो. पाटलांनी शेतकऱ्यांना सांगितलं, यंदा महिनाभर कळप वाडीतल्याच शेतांत पाळीनं बसवा. लांब जाऊ देऊ नका. एरवी कुणाची पाळी आधी यावरून डोकी फुटायची. त्या वर्षी एकजण हूं की चूं बोलला नाही.

बिरू मात्र बोलला. “खत तुमचं हुईल. चारा कुटला? मेंढरं उपाशी मारू व्हय?”

“साळंचं हुईस्तवर ऱ्हा,” त्याची आई म्हणाली.

बिरू राहिला. आणखी एक वाडा राहिला. तिसरा नाही राहिला. त्यांची पाच पोरं मोगलाईत गेली आणि त्यांना बोल लावायला माझी जीभ धजली नाही. बिरूची त्या महिन्यात दोन कोकरं गेली.

महिन्यानं साहेब आले. त्यांना पायरीच्या वर खुर्ची दिली. या खेपेला पेढे नव्हते, त्यामुळं मुंग्याही नव्हत्या. ठकी दाराशी उभी राहून एकेकाला पुढं सोडत होती, अगदी तिचा बाप बिरू वाड्यात मेंढरं सोडतो तशी, तोंड बघून. पोर यायचं, नाव सांगायचं, पाटी बिरोबापुढं ठेवायचं, मागं सरायचं. पाटीवर पाटी चढत होती. कुणाचं नाव पाटीबाहेर सांडलेलं, कुणी नावाखाली मेंढरू काढलेलं. पहिलीतल्या एकानं भीतीनं आपल्या नावाऐवजी माझंच नाव लिहिलं. त्याला परत पाठवून पुसायला लावलं. साहेबांचं बोट मांडीवरच होतं. पाट्या मात्र ते डोळ्यांनी मोजत होते.

बावीस झाल्या, आणि रांग संपली.

पट एकतीसचा होता. पाच मोगलाईत. एक एडका. आणि तीन बाहेर.

ही तीन पोरं गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. देवळात शाळा, म्हणून ती पायरीखाली निंबाच्या सावलीत बसत. पाटी तपासायची तर ती त्यांनी जमिनीवर ठेवून मागं व्हायचं आणि मी वाकून पाहायचं, अशी सात वर्षांची वहिवाट. मी ती पाडलेली नव्हती, पण मोडलीही नव्हती.

“साहेब, तीन पाट्या बाहेर आहेत,” मी म्हणालो.

“मग आणा.”

पाटील कळसाकडं बघू लागले. देवळातला एकही माणूस हलला नाही. मीही नाही. मला तो क्षण अजून आठवतो, कारण त्यात माझे पाय मला जड झाले होते आणि ते का जड झाले हे मला नीट ठाऊक होतं.

तायव्वा उठली. पायऱ्या उतरली. “आना रं पोरांनो,” म्हणाली, तिन्ही पाट्या त्यांच्या हातांतून आपल्या हातांत घेतल्या आणि वर येऊन ढिगावर ठेवल्या. तिन्हींवरची अक्षरं ढिगातल्या सगळ्यांत सुबक अक्षरांत बसणारी होती.

पंचवीस.

तायव्वा त्यानंतर घरी गेली आणि तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, हेही मी पाहिलं. तिच्यावर हसायचा मला हक्क नाही. तिचे हात पुढं तरी झाले. दुसऱ्या दिवशी ती तीन पोरं पुन्हा निंबाखालीच बसली, आणि मी त्यांना वर ये म्हणालो नाही. पाट्या मात्र तेव्हापासून एकाच ढिगात ठेवल्या जाऊ लागल्या. मी उभ्या जिल्ह्याला हसवलं आहे. पण एवढं सांगताना शब्द अजूनही पायरीखालीच थांबतात.

साहेबांनी मग कॅटलॉग मागितला. मला वाटलं, सही करायला. ते एकेक नाव वाचू लागले. मोगलाईतली पाच नावं आली, आणि त्यांच्यापुढं कालपर्यंतच्या हजेऱ्या माझ्या वळणदार शाईत. साहेब पान उलटत होते. उलटताना त्यांचा चेहरा निजलेल्या तळ्यासारखा होता.

“राजा बिरू?”

मी खोकलो. ठकी मॉनिटर. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, असं तिला मीच शिकवलं होतं.

“त्यो चरायला गेलाय,” ती म्हणाली.

“कधी येतो?”

“सांजच्याला. मेंढरांसंगं.”

“पाढे कितीपर्यंत येतात त्याला?”

“त्यो येडका हाय, साहेब.”

साहेबांनी टोपण काढलं आणि शेरेबुकात दोनच वाक्यं लिहिली. ‘शाळा चालू ठेवावी. शिक्षक बदलावा.’ मी साऱ्या नोकरीत अनेक शेरे वाचले, त्यांत इतकं नेटकं मराठी पुन्हा पाहिलं नाही.

बदली नातेपुत्याला झाली. म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यापलीकडं मला टाकायला साहेबांच्या हातात जिल्हाच उरला नव्हता. नव्या मास्तराचं नाव अजून ठरलेलं नव्हतं. निघायच्या आधीच्या दिवसांत मी मनातल्या मनात निरोपसमारंभ तयार करून ठेवला होता: पोरं टांग्याच्या चाकांना मिठ्या मारताहेत, पाटील हुंदके देताहेत, होटगीची गाडी माझ्यासाठी अर्धा तास थांबली आहे. दोन रुमाल धुऊन ठेवले होते, एक माझ्यासाठी नि एक पाटलांसाठी.

प्रत्यक्षात शनिवारी सकाळी शेंगांची काढणी होती. सगळी वाडी रानात. पाटील लवकर येऊन एक नारळ देऊन गेले. बिरूचा वाडा तर आदल्याच दिवशी चाऱ्यासाठी निघाला होता. पोरं मात्र त्यानं आजीपाशी ठेवली होती. मी वळकटी नि ट्रंक टांग्यात घातली. देवळाच्या पायरीवर तायव्वा आणि तिच्यामागं शाळेची घंटा हातात घेतलेली ठकी, एवढीच माणसं उभी होती.

मला राहवेना. दोनच माणसं असली म्हणून काय झालं, भाषण तयार होतं. मी सात वर्षांचा हिशोब काढला, विंचवांपासून पाढ्यांपर्यंत सगळं बोललो, माझ्यामागं या मुलांना कोण वळण लावील असं विचारताना माझा आवाज खरोखरच फाटला, आणि शेवटी म्हणालो, “तायव्वा, नवा मास्तर कधी येईल कुणास ठाऊक. आता कसं होणार ग या शाळेचं?”

तायव्वानं हात पुढं केला.

“पेटीची किल्ली द्या हिकडं, मास्तर. सोमवारी साळा हाय.”